रोबोटसाठी मोटर ड्रायव्हर निवडताना : विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

विज्ञान प्रदर्शनाचा मोसम जवळ आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांमधून आमच्याकडे एकच तक्रार येते : "गाडी घरी चालत होती, इथे आणल्यावर बंद पडली." प्रोग्राम दहा वेळा तपासलेला असतो, वायरी तीनदा जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा प्रोग्राममध्ये काहीच खोट नसते. मोटर, ड्रायव्हर आणि बॅटरी या तिघांचं एकमेकांशी जमलेलं नसतं. नव्या बोर्डावर पैसे घालण्याआधी हा लेख घरात वाचावा, म्हणून तो लिहीत आहोत. अब्बा-अम्मींनी स्वतः सर्किट जोडायची गरज नाही. दुकानात काय मागायचं आणि काय नाकारायचं एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

ड्रायव्हर लागतोच का?

आर्डुइनो ऊनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअर करंट आरामात घेता येतो. ४० ही शेवटची हद्द, तिथवर जायचं नसतं. आपल्याकडे सगळ्या किटमध्ये मिळणारी पिवळी बीओ मोटर नुसती हवेत फिरतानाच दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खाते, आणि चाक अडकलं तर एक अँपिअरच्या पुढे जाते. पिन म्हणजे सही करणारा साहेब. पेटी उचलायला हमाल लागतो, तो हमाल म्हणजे ड्रायव्हर.

दुसरं काम दिशेचं. मोटर उलटी फिरवायची तर तिच्या दोन टोकांची अदलाबदल करावी लागते. त्यासाठी चार स्विच इंग्रजी एच अक्षरासारखे मांडतात, मधल्या आडव्या रेघेवर मोटर. वरचा डावा आणि खालचा उजवा चालू केला की मोटर सुलटी, वरचा उजवा आणि खालचा डावा चालू केला की उलटी. एकाच बाजूचे वरचा-खालचा दोन्ही एकदम चालू झाले तर बॅटरी थेट शॉर्ट होते. मुलं हौसेने चार ट्रान्झिस्टर जोडून हा पूल स्वतः बनवतात. शिकायला उत्तम, पण प्रदर्शनाला तयार चिप घ्यावी. ती असा गोंधळ होऊ देत नाही.

तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही. मोटर म्हणजे तारेचं वेटोळं. करंट तोडला की ते वेटोळं उलट्या दिशेने मोठ्या व्होल्टेजचा झटका देतं. तो झटका वाट काढून देणारे डायोड ड्रायव्हरमध्ये असतात. काही चिपमध्ये ते आतच असतात, काहींना बाहेरून लावावे लागतात.

आधी मोटर ओळखा

दुकानात "रोबोटसाठी ड्रायव्हर द्या" म्हटलं की जो शिल्लक असेल तो मिळतो. म्हणून आधी एक आकडा काढायचा : मोटर पूर्ण अडकली तर किती करंट खाईल. गाडी सुरू होते त्या क्षणी मोटर थांबलेलीच असते. म्हणजे थोड्या वेळापुरता हा करंट दर वेळी वाहणारच.

हा आकडा काढायला नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम पुरतो. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी सांगतो, बर्की रौ म्हणजे करंट आणि मुज़ाहमत म्हणजे रोध. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी त्याच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून घ्या. मग मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा आणि त्यातून तो आकडा वजा करा. चाक हलक्या हाताने थोडं थोडं फिरवून पाच-सहा वेळा मोजा, कारण आतले ब्रश दर वेळी वेगळ्या जागी टेकतात. सगळ्यात लहान रोध धरायचा. समजा तो ५ ओहम आला आणि बॅटरी ६ व्होल्टची आहे, तर ६ भागिले ५, म्हणजे १.२ अँपिअर. तीच मोटर दोन लिथियम सेलवर, म्हणजे पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्टवर लावली, तर सुमारे १.७ अँपिअर. बारीक एन२० मोटरचं गिअर प्रमाण मोठं असेल तर तिचा दांडा हाताने जोरात फिरवू नका, दात तुटतात.

चार चाकांच्या किटमध्ये एक फसगत हमखास होते. ड्रायव्हरला वाटा दोन आणि मोटरी चार. मग डावीकडच्या दोन मोटरी एका वाटेवर, उजवीकडच्या दोन दुसऱ्या वाटेवर जोडतात. जोडणी बरोबर आहे, पण प्रत्येक वाटेवरचा करंट दुप्पट झाला हे कुणी धरत नाही. वरच्या उदाहरणात तो २.४ अँपिअर होतो. आमचा सल्ला : पहिल्या गाडीला दोन मोटरी आणि पुढे एक मोकळं फिरतं चाक बसवा. वळतेही छान.

कोणती चिप

एल२९३डी ही सोळा पायांची जुनी, भरवशाची चिप. दर वाटेला ६०० मिलिअँपिअर सतत, क्षणभर १.२ अँपिअर, मोटरला ४.५ ते ३६ व्होल्ट, आणि डायोड आतच. नावातला शेवटचा 'डी' त्या डायोडसाठी आहे. नुसती एल२९३ घेतली तर डायोड बाहेरून लावावे लागतात. पवईच्या आयआयटी मुंबईत ई-यंत्र प्रकल्पातून हजारो इंजिनिअरिंगच्या मुलांनी ज्या फायरबर्ड ५ रोबोटवर हात बसवला, त्यात एटीमेगा२५६० मायक्रोकंट्रोलर आणि मोटरींसाठी हीच एल२९३डी होती. म्हणजे चिप हलकी नाही. फायरबर्डच्या मोटरी तिला झेपणाऱ्या होत्या, एवढंच.

बीओ मोटरवर एल२९३डी लावली तर सपाट लादीवर गाडी छान जाते. सतरंजीवर अडकली की मिनिटाभरात चिपला बोट लावता येत नाही. मग ती स्वतःच काम थांबवते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. मुलांना वाटतं गाडी "मूडवर" चालते. चिपचे मधले चार पाय, ४, ५, १२ आणि १३, ग्राउंडचे आहेत आणि उष्णताही त्यांच्यातूनच बाहेर जाते. ब्रेडबोर्डवर ती उष्णता जायला जागा नसते. तांब्याच्या पट्टीवर सोल्डर केलेली हीच चिप जास्त टिकते. १६ नंबरच्या पायाला ५ व्होल्ट, ८ नंबरच्या पायाला मोटरची बॅटरी. हे दोन उलटे झाले तर चिप गेली.

दोन एल२९३डी बसवलेलं निळं शिल्डही मिळतं, ते ऊनोवर थेट बसतं. लहान मुलांना सोयीचं आहे. पण चारही मोटरी वापरल्या तर ३, ४, ५, ६, ७, ८, ११ आणि १२ या पिना त्यात अडकतात, ९ आणि १० सर्व्होच्या जागेला जातात. नंतर "सर, सेन्सर कुठे लावू?" असा प्रश्न येतोच. सेन्सर जास्त लागणार असतील तर शिल्ड घेऊ नका.

एल२९८एन म्हणजे काळी पंखेदार पट्टी असलेलं लाल बोर्ड. शंभर-दीडशे रुपयांत मिळतं म्हणून घरोघर हेच. प्रत्येक वाटेला २ अँपिअर, चिपची हद्द ४६ व्होल्ट. कागदावर एल२९३डीपेक्षा खूप दणकट. पण याच्या आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत आणि ते स्वतःच व्होल्टेज खातात. १ अँपिअरला साधारण १.८ व्होल्ट, काही वेळा तीनपर्यंत. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरपर्यंत चारच पोचतात. उरलेल्या दोनाचे चटके त्या काळ्या पट्टीला बसतात. विकत आणलेल्या सेलचा तिसरा हिस्सा पट्टी तापवण्यात गेला म्हणा ना. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला हे बोर्ड घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टची जॉन्सन गिअर मोटर असेल आणि अडकल्यावरचा करंट दोनच्या आत असेल, तर मात्र हे बोर्ड शोभतं. तिथे दोन व्होल्ट गेले तरी दहा उरतात.

या बोर्डावर ५ व्होल्टचा एक जंपर असतो, त्याने अनेक ऊनो मारले आहेत. जंपर लावलेला असेल तर बोर्ड मोटरच्या बॅटरीतून स्वतःच ५ व्होल्ट तयार करतं, तेव्हा ५ व्होल्टच्या स्क्रूला बाहेरून काही द्यायचं नाही. बॅटरी १२ व्होल्टच्या वर असेल तर जंपर काढायचा आणि ५ व्होल्ट ऊनोकडून त्या स्क्रूला द्यायचे. बॅटरी साताच्या खाली असेल तरीही तसंच करावं, कारण आतला रेग्युलेटर त्यातून धड ५ काढू शकत नाही. बाजूला ईएनए आणि ईएनबी असे आणखी दोन जंपर असतात. ते लावलेले असतील तर मोटर पूर्ण वेगाने चालते. वेग कमी-जास्त करायचा असेल तर ते काढून त्या जागी ऊनोच्या पीडब्ल्यूएम पिना जोडाव्या लागतात. बॉक्सबरोबर कागद येत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

टीबी६६१२एफएनजी ही तोशिबाची छोटीशी चिप, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या बोर्डावर मिळते. आत मॉसफेट आहेत. १ अँपिअर वाहताना जेमतेम अर्धा व्होल्ट खाते. सतत १.२ अँपिअर, क्षणभर ३.२. मोटरला १३.५ व्होल्टपर्यंत द्यावे, १५ ही हद्द. लॉजिकला २.७ ते ५.५ व्होल्ट चालतात, म्हणजे ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ थेट जोडता येतो. दोन बीओ मोटरी आणि ऊनो किंवा ईएसपी३२, असा साधा बेत असेल तर आम्ही हीच सुचवतो. एल२९८एनपेक्षा थोडी महाग पडते, पण तेच सेल जास्त वेळ पुरतात, आणि सेल दर आठवड्याला लागतात. दोन अडचणी आहेत. एक, पिना बहुधा सुट्या येतात, सोल्डर कराव्या लागतात. दोन, हिला एसटीबीवाय नावाची पिन आहे, ती ५ व्होल्टला जोडली नाही तर बोर्ड ढिम्म हलत नाही. "डेड पीस" म्हणून परत केलेल्या बोर्डांत धडधाकट बोर्ड किती असतील, अल्लाह जाणे.

डीआरव्ही८८३३ हीसुद्धा मॉसफेटची. २.७ ते १०.८ व्होल्ट, दर वाटेला साधारण दीड अँपिअर. एका-दोन लिथियम सेलवरच्या छोट्या गाडीला आणि एन२० मोटरीला फार छान. तीन सेलची बॅटरी लावली की मरते, हे लक्षात ठेवा. हिचीही स्लीप पिन वर जोडावी लागते.

मोठ्या मोटरी, म्हणजे गाडीच्या वायपरची मोटर किंवा व्हीलचेअरचं मॉडेल, यांच्यासाठी बीटीएस७९६०च्या दोन चिपा असलेलं बोर्ड मिळतं. त्यावर ४३ अँपिअर लिहितात. तो आकडा चिपच्या हद्दीचा आहे, त्या बोर्डाच्या छोट्या पट्टीवर तेवढा करंट सतत चालणार नाही. हे एका बोर्डावर एकच मोटर चालवतं, आणि दोन्ही एनेबल पिना जोडायला विसरू नये. इथे बॅटरीच्या वायरीत फ्यूज हवाच. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावं.

बाकीचं थोडक्यात. पंप किंवा पंखा एकाच दिशेने फिरवायचा असेल तर एच पूल नको, एक मॉसफेट आणि एक डायोड पुरे. दुकानदार आयआरएफझेड४४एन देईल, पण त्याला पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात. ऊनोच्या ५ व्होल्टसाठी आयआरएलझेड४४एन मागा, एका अक्षराचा फरक आहे. २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर यूएलएन२००३च्या बोर्डासकट येते, तिला वेगळं काही लागत नाही. मोठ्या स्टेपरला ए४९८८, आणि वीज चालू असताना तिची मोटर कधी काढू-लावू नये, चिप तत्काळ जाते. सर्व्होमध्ये ड्रायव्हर आतच असतो, त्याला फक्त वेगळी ५ व्होल्टची वीज द्या. एक बारीक गोष्ट : ऊनोवर सर्व्होची लायब्ररी वापरली की ९ आणि १० या पिनांवरचं पीडब्ल्यूएम बंद पडतं. मोटरचा वेग त्याच पिनांवर ठेवला असेल तर सर्व्हो जोडताच मोटर वेडीवाकडी वागू लागते.

वालधुनीची गाडी

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या आठवीतल्या एका मुलीने वालधुनी नदीतला कचरा ओढणाऱ्या गाडीचं मॉडेल केलं होतं. चार चाकं, लाल बोर्ड, ऊनो. घरी ते १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर सुरेख चालायचं. प्रदर्शनात वायर नको म्हणून तिने ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. गाडी एक झटका द्यायची, ऊनोचा दिवा विझायचा, पुन्हा लागायचा, पुन्हा झटका. भाऊ-बहिणीने रात्र जागून प्रोग्राम नव्याने लिहिला. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी नवा ऊनो आणून दिला. तोही तसाच वागला. मुलीने आम्हाला सांगितलं, "मला हे जमत नाही, नाव काढून टाका." वडील शेजारी उभे होते, गप्प.

आम्ही मल्टिमीटर बॅटरीवर धरला आणि गाडी सुरू करायला सांगितली. ९ व्होल्ट होते ते मोटरी सुरू होताच सहाच्या खाली आले. बिचारा ऊनो त्याच बॅटरीवर होता, तो दर वेळी बेशुद्ध पडून पुन्हा जागा होत होता. ती चौकोनी बॅटरी धुराचा अलार्म, रिमोट असल्या थोड्या करंटच्या कामासाठी असते. चार मोटरी तिला झेपणं शक्यच नाही. आम्ही मोटरींना दोन १८६५० लिथियम सेल दिले, ऊनोला मोबाईलची पॉवर बँक दिली आणि दोघांचं ग्राउंड एका वायरने जोडलं. जुनाच ऊनो, जुनाच प्रोग्राम, गाडी चालली. नवा बोर्ड दुकानदाराने परत घेतला नाही. तो आता आमच्या शाळेत मुलं वापरतात, त्याचे पैसे आम्ही शिक्षकांनी मिळून दिले.

ग्राउंडची ती एक वायर विसरली तर मोटर मनाला येईल तशी वागते. ऊनोचा सिग्नल कशाच्या तुलनेत ५ व्होल्ट आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही. आणखी एक : काही पॉवर बँका कमी करंट दिसला की आपोआप बंद होतात. ऊनो एकटा फारच थोडा करंट खातो. म्हणून घरी अर्धा तास चालू ठेवून बघा.

ड्रायव्हरच्या बॅटरीच्या टोकांवर ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अधिक-उणे बघून. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. या दोन गोष्टी काही रुपयांच्या आहेत आणि विनाकारण होणारे निम्मे रीसेट थांबवतात.

लिथियम सेलबद्दल हात जोडून सांगतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडून काढलेले सेल मुलांच्या हाती देऊ नका. ते शॉर्ट झाले तर आग लागते. संरक्षण सर्किट असलेले नवे सेल, खटका असलेला होल्डर आणि लिथियमसाठीचाच चार्जर घ्या. सेल रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नये.

खरेदी आणि तपासणी

कपॅसिटर, डायोड, सोल्डर, वायरी या किरकोळ वस्तू टीव्ही-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत इथेच मिळतात. ड्रायव्हर बोर्डासाठी बरेच जण मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जातात. बदलापूर-अंबरनाथहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. जायचंच असेल तर मोटर खिशात घेऊन जा आणि रोध मोजलेला कागदही. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण प्रदर्शनाच्या आठवड्यात मागवू नका. भंगारातले जुने प्रिंटर आणि खेळण्यातल्या गाड्या यांच्यातून चांगल्या मोटरी निघतात, आणि त्या उघडताना मुलं पुस्तकापेक्षा जास्त शिकतात.

बोर्ड आणल्यावर पहिल्या दिवशी चाकं हवेत ठेवून चालवा. दुसऱ्या दिवशी जमिनीवर, पूर्ण वजनासह, दहा मिनिटं. मग चिपला बोट लावून बघा. बोट पाच सेकंद टिकत असेल तर ठीक. टिकत नसेल तर वेग कमी करा, वजन कमी करा किंवा वरचा ड्रायव्हर घ्या. एकच चाक उलटं फिरत असेल तर प्रोग्राम बदलू नका, त्या मोटरच्या दोन वायरी स्क्रूमध्ये उलटसुलट करा. दोन्ही मोटरी गप्प असतील तर आधी स्लीप किंवा एसटीबीवाय पिन बघा, मग ग्राउंडची वायर, मग बॅटरी, आणि प्रोग्राम सगळ्यात शेवटी.